रविवारचा शिक्का

“ही तारीख रविवारची आहे,” गणिताचे सर म्हणाले.

पुस्तक त्यांनी उलटं धरलं होतं, शेवटचं पान वर करून. त्या पानाला चिकटवलेल्या चिठ्ठीवर तारखांचे चार जांभळे शिक्के होते, एकाखाली एक. सरांचं बोट तिसऱ्यावर टेकलेलं.

सरांचं हे एक होतंच. कुठलीही तारीख सांगा, दहा वर्षांपूर्वीची सांगा, डोळे मिटायचे आणि वार सांगून मोकळे व्हायचे. पोरं आपापल्या वाढदिवसाच्या तारखा घेऊन त्यांच्या मागं फिरायची. शाळेच्या ग्रंथालयात एकोणतीस वर्षं काढलेल्या नानांना हे माहीत नव्हतं असं नाही. पण काल संध्याकाळी शाळा सुटल्यावर, दार आतून लावून, तारखेच्या शिक्क्याची चाकं नखानं मागं मागं फिरवताना त्यांना सगळं सुचलं, फक्त हेच सुचलं नाही.

“रविवारी पुस्तक कुणाला दिलंत नाना?” सरांनी विचारलं. आवाजात चिडचिड नव्हती. गणित सुटलं की माणूस जसा खूश होतो तसा तो आवाज होता.

नानांचे कान तेवढे गरम झाले.

मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, पुस्तक आपल्या हातात घेतलं. मग दुसरं. मग तिसरं. एकाच गोष्टीचे सात भाग, सातहींवर शिक्के. सगळ्यांची शाई सारखीच ताजी दिसत होती. बाईंनी एका शिक्क्यावर अंगठा फिरवला, अंगठ्याकडे बघितलं आणि रुमाल काढला.

गोष्ट अशी होती की ग्रंथालयात बारा कॉम्प्युटर येणार होते आणि विजेचे प्लग फक्त खिडकीकडच्या भिंतीला होते. त्या भिंतीला एकच कपाट. तेव्हा ते कपाट जाणार, आणि त्यातली जी पुस्तकं तीन वर्षांत कुणी घरी नेली नाहीत ती रद्द होणार. तपासायला बाई आणि सर, दोघांची समिती. नियम सोपा. शेवटचं पान उघडायचं. चिठ्ठीवर शिक्का असेल तर पुस्तक जिवंत, नसेल तर पोत्यात.

आणि त्या कपाटातल्या एकाही पुस्तकावर शिक्का नव्हता.

हे नानांनीच करून ठेवलेलं. उडणारे घोडे, शापित राजपुत्र, बारा-तेरा वर्षांची पोरं घर सोडून कुठल्या कुठल्या राज्यांत शिरतात, असली सगळी पुस्तकं त्या कपाटात होती, आणि बहुतेक भागाभागांत. फार पूर्वी पाच भागांतला दुसरा भाग एका मुलानं घरी नेला आणि त्याच्या वडिलांची बदली झाली. मुलगा गेला, भागही गेला. पहिला वाचून झाला की पोरं येऊन विचारायची, दुसरा कुठाय? नाना तोंड लपवायचे. तेव्हापासून त्यांनी आपल्यापुरता कायदा केला. या कपाटातलं पुस्तक घरी द्यायचं नाही. इथं बसा, हवं तेवढं वाचा, खूण घाला, उद्या या. पोरं यायची, वाचायची. घरी नेतच नव्हती तर शिक्का कशाला?

बरं, एक माणूस ती घरी नेत होता. खुद्द नाना.

एकदा सहावीतल्या एका मुलानं विचारलं होतं, हे फार भीतीचं आहे का? उत्तर द्यायचं म्हणून नानांनी ते पुस्तक घरी नेऊन वाचलं. आणि अडकले ते अडकलेच. मोठ्यांच्या पुस्तकांत माणसं बसून विचार करतात, असं त्यांना वाटायचं. इथं माणसं निघतात. दार दिसलं की उघडतात. नाना स्वतः कुठं निघाले नव्हते. याच खोलीत लागले, इथंच केस पिकले. बायको चेष्टा करायची, साठीला आलात आणि चेटकिणींच्या मागं लागलात. पण रात्री जेवताना तीच विचारायची, तुमची ती पोरगी पोचली का किल्ल्यावर.

घरी ठीक होतं. शाळेत एकदा त्यांच्या पिशवीतून शेपटीवाल्या राक्षसाचं चित्र बाहेर डोकावलं आणि शिक्षकांच्या खोलीत वर्षभर तेच. काय नाना, मेला का राक्षस? नानाही हसायचे. पण त्यानंतर पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घातल्याशिवाय ते नेत नसत, आणि स्वतःच्या नावावर तर एकदाही लावलं नाही. लावलं असतं तर चिठ्ठ्या भरून वाहिल्या असत्या. दुसरी चिठ्ठी चिकटवावी लागली असती.

“नाना,” बाई म्हणाल्या, “हे तुम्ही केलंत?”

“हो.”

“कशासाठी?”

“पोरं वाचतात बाई. इथं बसून वाचतात. फक्त शिक्के नव्हते, म्हणून.”

“कोण वाचतं? एक नाव सांगा.”

आणि नानांनी सांगून टाकलं. आठवी ब मधली मुलगी. रोज मधल्या सुट्टीत येते, खिडकीजवळच्या खुर्चीत बसते. वाचताना पेन्सिल कुरतडते, म्हणून नानांनी मनातल्या मनात तिचं नाव खार ठेवलेलं. हेच सात भाग वाचतेय, सहाव्यावर आलीय. राणीनं सावली काढून घेतलेली एक मुलगी मिठाच्या वाळवंटातून चालत निघते, ती गोष्ट. विचारा तिला, विचारा हवं तर. नाना इतके भरभर बोलत होते की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

बाईंनी शिपाईमामांना पाठवलं.

मुलगी आली. दारातच थांबली. तिनं बाईंकडे बघितलं, नानांकडे बघितलं, आणि मग गणिताच्या सरांकडे. आणि सरांना बघून तिचा चेहरा जो उतरला त्यावरून नानांना सगळं कळलं. फार उशिरा कळलं. आठवीच्या कच्च्या मुलांचा गणिताचा जादा तास मधल्या सुट्टीतच असायचा. ही रोज पोट दुखतंय सांगून तो बुडवत होती. सर तर परवाच म्हणाले होते, त्या पोरीच्या पोटाचं काय ते एकदा डॉक्टरला दाखवायला सांगा तिच्या आईला.

“तू ही पुस्तकं वाचतेस का गं?” बाईंनी विचारलं. चांगल्या शब्दांत विचारलं.

मुलीनं टेबलावरच्या सात पुस्तकांकडे बघितलं. सहाव्या भागातून तिच्या वहीचा चतकोर कागद बाहेर आलेला दिसत होता.

“नाही,” ती म्हणाली.

“रोज येतेस म्हणे इथं. मधल्या सुट्टीत.”

“नाही बाई.”

सर आता तिच्याकडे नीट बघायला लागले होते. त्यांच्या डोक्यात बेरीज सुरू झाल्याचं नानांना दिसलं. अजून दोन प्रश्न विचारले असते तर ती सापडली असती.

“चुकलं माझं,” नाना म्हणाले. “ही नव्हे. दुसरी कुणीतरी. मला पोरांचे चेहरे आता नीट लक्षात राहत नाहीत.”

बाईंनी चष्मा काढला. सरांनी सुस्कारा सोडला, त्यांची बेरीज तिथंच राहिली. मुलीला जायला सांगितलं. ती गेली. चप्पल न वाजवता गेली.

दाराशी शिपाईमामा पोत्यांच्या घडीवर हात ठेवून उभे होते. नानांना वाटलं, आता एकच उरलंय. इतकी वर्षं जे कव्हराखाली लपवलं ते.

“बाई, मी वाचतो,” ते म्हणाले. “हे कपाट मी जवळजवळ सगळं वाचलंय. काही काही दोनदा. घरी नेऊन. नावावर लावायची लाज वाटायची म्हणून लावलं नाही. माझ्या नावाचे शिक्के चालत असतील तर ते खरे असतील.”

मोठ्या बाई वाईट नव्हत्या. उलट त्यांच्या चेहऱ्यावर नानांबद्दलची कीवच आली, आणि तेच सगळ्यात वाईट झालं.

“नाना,” त्या हळू म्हणाल्या, “आता तुम्ही काहीही सांगाल. आधी शिक्के, मग ती पोरगी, आता हे. मी हे वर कळवत नाही. तुमची दोन वर्षं राहिलीत, नीट काढा. चला, मामा.”

सर नानांच्या खांद्याला हात लावून म्हणाले, “अहो, तुम्ही आणि परीकथा. मनाला लावून घेऊ नका एवढं.” त्यांना खरंच वाईट वाटत होतं. राक्षसावरून सगळ्यात जास्त चिडवणारे तेच होते, ते विसरूनही गेले होते.

मग काम सुरू झालं. रद्दचा मोठा चौकोनी शिक्का नानांच्याच टेबलावर असायचा, मारायचा पण नानांनीच. पहिल्या पानावर एक, शेवटच्या पानावर एक. गेल्या खेपेला रद्द केलेली पुस्तकं शाळेच्या नावासकट बाजारात फूटपाथवर सापडली होती, म्हणून यंदा पोती समितीसमोर शिवायची होती. एकशे बारा पुस्तकं. मामांनी दाभण आणि सुतळी आणलेली. मामा पोत्याचं तोंड धरायचे, नाना पुस्तकं घालायचे. सातही भाग चौथ्या पोत्यात गेले. सहाव्यातला वहीचा कागद नानांनी काढला नाही. काढून करायचं काय. छापणारे कधीच बंद पडले होते, दुसरीकडे कुठं मिळायची सोय नव्हती. तीन वाजता टेम्पो आला. साडेतीनला भिंत मोकळी. कपाटामागं रंग जुना राहिला होता, हिरवट.

शनिवारी शाळा अर्धीच असते आणि जादा तास नसतो. शाळा सुटल्यावर मुलगी आली. खुर्चीशी उभी राहिली, बसली नाही.

“रागावलात?” तिनं विचारलं.

“नाही गं.”

“सर आईला बोलावतील म्हणून मी...”

“कळलं मला. बस.”

ती बसली. दप्तर मांडीवरच ठेवलं. जरा वेळानं म्हणाली, “तिला सावली मिळते का शेवटी? तुम्ही सांगा ना. तुम्ही वाचलं असेल.”

नानांनी टेबलाचा कंगोरा बोटानं चाचपला.

“नाही माहीत मला.”

“असं कसं?”

“ते सात भाग मी रिटायर झाल्यावर वाचायला ठेवले होते. तू सुरू केलंस आणि मला राहवलं नाही. पण मी तुझ्या मागनंच वाचत होतो. संध्याकाळी घरी न्यायचो आणि तुझी खूण जिथं असेल तिथं थांबायचो.”

“का?”

नाना थोडं हसले. “तू वाचताना तुझ्याकडे बघितलं की मला कळायचं, आज रात्री भीतीचं आहे की हसायचं. त्यात मजा यायची.”

मुलीनं मान खाली घातली.  बाहेर मैदानात कुणीतरी नळ सुरू केला, बंद केला.

“ती त्या विहिरीत उतरत होती,” मुलगी म्हणाली.

“हो. दोर धरून.”

“राणी वरून दोर कापणार होती असं मला वाटतं.”

“मलाही तसंच वाटलं.”

यापुढचं दोघांनाही माहीत नव्हतं. मुलीनं दप्तर उघडलं, हाताला लागलं ते भूगोलाचं पुस्तक काढलं आणि मधलंच कुठलं तरी पान उघडून बसली. पान उलटत नव्हती. नाना उठले आणि तिच्या डोक्यावरचा पंखा लावला.