काढून टाकलेला आवाज

ऑफिसात तिला सगळे कात्री म्हणत, आणि ते तिला आवडायचंही. नवा कॉम्प्युटर आला की त्याच्या पोटात कंपनीने आधीच भरून पाठवलेला भुसा असतो. कुणी न मागितलेले खेळ, उठसूट हवामान सांगणारी खिडकी, मधेच डोकं वर काढणारं दुकान. तो सगळा उपटून कॉम्प्युटर हलका करायचा हे तिचं काम. हात सफाईदार होता आणि जीभही. "ज्यांना पत्ते खेळायचेत त्यांनी घरून पत्ते आणावेत," असं ती हिशेब विभागाच्या साहेबांनासुद्धा ऐकवायची.

पण तिचे नियम कडक होते. हाताखालच्या लोकांकडून ती ते इतक्यांदा घोकून घ्यायची, की ती खोलीत शिरली की तेच आधी म्हणून मोकळे व्हायचे. काही काढायच्या आधी कॉम्प्युटर आहे तसा जपून ठेवायचा, म्हणजे बिघडलं तर मागे फिरता येतं. एका वेळी एकच गोष्ट काढायची आणि पुन्हा चालू करून बघायचं. आणि सगळ्यात आधी त्या खुर्चीवर बसणाऱ्या माणसाला विचारायचं. "आपल्याला भुसा वाटतो, त्यावर कुणाचं तरी काम अडलेलं असतं," हे तिचं आवडतं वाक्य होतं. ते ती फार ऐटीत म्हणायची.

घरी मात्र तिने यातलं काहीएक केलं नाही. घरचंच तर काम, त्याला कशाला हवेत एवढे सोपस्कार?

कॉम्प्युटर सासऱ्यांचा होता. बाबा जुन्या काळचे, छापखान्यातले जुळारी. अक्षरांचे शिशाचे खिळे एकेक उचलून ओळी जुळवण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. खिळे गेले तसे ते त्याच छापखान्यात प्रुफं तपासायला लागले, आणि निवृत्तीनंतरही छापखान्याचे मालक त्यांना घरी मजकूर पाठवत. खिडकीजवळच्या टेबलाशी, पडद्यावरची अक्षरं भली मोठी करून, कानात इअरफोन घालून ते सकाळभर बसायचे. एक मात्रा कुठे सुटली तर त्यांच्या नजरेतून ती निसटायची नाही, असं घरात सगळे कौतुकाने म्हणायचे.

"गाणी ऐकत प्रुफं तपासता, बाबा? मी असं केलं तर मला कायमचं घरी बसवतील," ती चिडवायची. बाबा नुसते हसायचे.

एका सुट्टीच्या सकाळी बाबा केस कापायला गेले होते. नवरा म्हणाला, "अगं, बाबांचा कॉम्प्युटर फार रडतोय. जरा हात फिरव ना."

ती बसली. आत जागाच उरली नव्हती. आधीच्या जपून ठेवलेल्या प्रतींनी बरीच जागा खाल्ली होती, म्हणून तिने पहिल्यांदा त्याच पुसल्या. मागे फिरायची वाट तिने आपल्या हाताने मोडली आणि वर शीळ घालत पुढच्या कामाला लागली. खेळ गेले, हवामान गेलं, बातम्या गेल्या, दुकान गेलं. एकेक कुठलं, मूठ भरभरून गेलं. मग यादीच्या तळाशी मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा आवाज सापडला.

"हे बघ," ती हसत नवऱ्याला म्हणाली, "पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या बाई. केवढी जागा अडवून बसल्यात! घरात आंधळं कोण आहे?"

नवराही हसला. त्याच सुमाराला बाहेरच्या दाराची कडी वाजली होती, पण तिचं तिकडे लक्ष नव्हतं. तिने त्या बाईंनाही निरोप दिला.

बाबा आत आले तेव्हा कॉम्प्युटर नुसता पळत होता. ती कौतुकाची वाट बघत उभी राहिली.

"छान झालं," बाबा म्हणाले, आणि हात धुवायला गेले.

त्यानंतर बाबा गप्प गप्प झाले. आधी इअरफोन घालून टेबलाशी बसायचे, पण कळफलकाचा आवाज यायचा नाही. मग इअरफोन गुंडाळून खणात गेले. छापखान्याकडून एका शाळेच्या पुस्तकाचा मजकूर आला होता, तो तसाच पडून राहिला. विचारलं तर म्हणायचे, "कंटाळा आला गं आता. किती वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढायच्या?" जेवताना नवरा म्हणाला, उत्तम, आराम करा. तिने मान डोलावली, पण तिला ते पटलं नव्हतं. कंटाळा हा शब्द तिने बाबांच्या तोंडून कधी ऐकलाच नव्हता.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी बाबा आत आडवे झाले होते. नवऱ्याने तिला सांगितलं, "संध्याकाळी छापखान्याचे मालक येणारेत. बाबा त्यांना काम सोडतो म्हणून सांगणार आहेत. तो मजकूर तेवढा परत द्यायचाय, काढून ठेवशील?"

तिने बाबांचा कॉम्प्युटर सुरू केला. पडदा उजळला आणि काही न दाबताच मधोमध एक चौकट आली. वाचनासाठी निवडलेला आवाज सापडत नाही. तिने ती मिटवली. पुन्हा सुरू करून बघितलं. चौकट पुन्हा आली.

कॉम्प्युटर उघडला की आवाज आपोआप सुरू व्हावा, अशी सोय कुणीतरी मुद्दाम करून ठेवली होती. म्हणजे इअरफोनमध्ये गाणी नव्हती. बाबा मजकूर कानाने तपासत होते. ती बाई कोरड्या आवाजात वाचायची, आणि कुठे उच्चार अडखळला की आयुष्यभर अक्षरं हाताळलेल्या माणसाला चूक कळायची. कपात चहा ओतताना काठावर टेकवलेलं बोट तिने रोज पाहिलं होतं. दारात गुपचूप उभं राहिलं की बाबा "कोण?" म्हणायचे, त्याला ती वयाचा विसरभोळेपणा समजायची. रोज समोर दिसत होतं आणि तिला दिसलं नव्हतं. हाताखालच्यांना अक्कल शिकवणाऱ्या कात्रीबाई! तिला स्वतःची इतकी लाज वाटली की तिथून उठून जावंसं वाटलं.

आवाज परत आणणं अवघड नव्हतं, नेटवरून पुन्हा उतरवून घ्यायचा, चहा उकळेपर्यंत होणारं काम. अडचण वेगळीच होती. नेमका तेवढाच आवाज परत दिसला, तर तिला सगळं कळलंय हे बाबांना कळणार. जी गोष्ट त्यांनी पोटच्या मुलापासूनही लपवली, ती सुनेने उघडी पाडली असं होणार. आणि काहीच केलं नाही, तर संध्याकाळी काम सुटणार. काम सुटलं की बाबा नुसते खिडकीशी बसून राहणार, आणि ती खिडकीही त्यांना धड दिसत नव्हती.

मग कात्रीने आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. सगळा भुसा परत भरला. हवामान आणलं, बातम्या आणल्या, पत्त्यांचा खेळ आणला, ते आगाऊ दुकानही आणून बसवलं. कॉम्प्युटर पहिल्यासारखा रडायला लागला. त्या सगळ्या गर्दीत तिने आवाज गुपचूप ठेवून दिला.

बाबा उठून बाहेर आले तेव्हा ती तोंड वाकडं करून म्हणाली, "बाबा, माझी मेहनत गेली पाण्यात. वरून अपडेट आलं आणि काढलेलं सगळं परत येऊन बसलं. माझं काही चालत नाही त्यापुढे."

बाबा थांबले. "सगळं?"

"सगळं. तो पत्त्यांचा खेळसुद्धा."

ते हळूहळू खुर्चीशी आले, खण चाचपला, इअरफोन काढले. ती चहाचं निमित्त करून स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याला धरून उभी राहिली. खोटं बोलल्याचं तिला काही वाटत नव्हतं. खरं बोलायचं धाडस नव्हतं, ते खुपत होतं. बऱ्याच वेळाने बाहेरून कळफलकाचा आवाज आला. टक. मग थांबणं. मग टक टक.

संध्याकाळी छापखान्याचे मालक आले. चहा घेता घेता म्हणाले, "फोनवर म्हणालात, काही बोलायचंय?"

"बोलायचं होतं," बाबा म्हणाले. "आता नाही. पुस्तक तेवढं दोन दिवस उशिरा देतो. आमचं यंत्र जरा रुसलं होतं."

नवरा मालकांना खालपर्यंत सोडायला गेला. ती कप उचलत होती. बाबांनी तिला बाजूच्या खुर्चीवर बसायची खूण केली.

"ते दुकान तेवढं काढ बाई," ते म्हणाले. "मी ओळ ऐकत असतो आणि ते मधेच बूट घ्या, चपला घ्या म्हणून कानात ओरडतं. दुपारपासून पुन्हा डोकं उठवलंय."

तिच्या हातातले कप वाजले. ती खुर्चीवर टेकली.

"काढते," ती कशीबशी म्हणाली. "बाकीचं काय काय काढू, बाबा?"

"हे बघ, आज विचारलंस. असंच विचारत जा, मी सांगत जाईन." ते पडद्याकडे तोंड वळवून म्हणाले, "आणि त्या दिवशी तू एक विचारलं होतंस. मी दारात चपला काढत होतो, त्यामुळे उत्तर द्यायचं राहून गेलं. घरात आंधळं कोण आहे म्हणालीस ना? मी आहे. अजून पुरता नाही, पण मीच."

तिला माफी मागायची होती. पण रडूच आलं. तोंडातून आवाज निघू नये म्हणून तिने पदर दाताखाली धरला. निदान आपलं रडणं तरी त्यांना दिसायचं नाही, असं तिला वाटलं.

"कप खाली ठेव आधी, फुटतील," बाबा म्हणाले. "आणि रडायचं तर मोकळी रड. मला ऐकू येतंय."