गोधडीचं पोट

यसूबाई पहिल्यांदा "नाही" म्हणाली, तेव्हा तिचं घर वीतभर लांबलं. चुलीमागची सारवलेली भिंत मागे सरकली आणि मधल्या जागेत एक पांढरीफेक, गुळगुळीत भिंत आली. यसूबाईने बोट लावून पाहिलं. आजाऱ्याच्या जिभेसारखी गार, चिकट लागली. तिने बोट पदराला पुसलं.

नाही म्हटलं होतं खासनीस साहेबांना. नदीच्या वरच्या अंगाला रंगाचा कारखाना, त्याचे हे साहेब. गावच्या बायांच्या गोधड्यांचं प्रदर्शन कारखाना भरवणार होता आणि यसूबाईची गोधडी त्यांना मधोमध टांगायची होती. ती गोधडी चौदा जणांच्या कपड्यांची. चौदाही जण नदीचं पाणी पिऊन गेले. तिची सून किष्णी त्यांतली पहिली. टाके घालताना यसूबाई गुणगुणायची:

पहिला गं माझा टाका किष्णीच्या चोळीला,
पाणी पिऊन निजली, हाक देऊ कोणाला.

"ज्यानं पाजलं, त्याच्याच भिंतीला किष्णी टांगू?" ती साहेबांना म्हणाली होती.

गोधडीचा एक कोपरा अजून उघडा होता. शेवटचा टाका घालण्याआधी त्यात भाकरीचा तुकडा ठेवायचा, ही रीत. गोधडीचं पोट भरलं की ती द्यायला मोकळी. उपाशी गोधडी कुणी कुणाला देत नाही. यसूबाईने तीनदा तुकडा ठेवला. पीठ नदीच्याच पाण्यात मळलेलं. गोधडीने तो तीनदा थुंकून टाकला.

साहेब रोज यायचे. यसूबाई रोज नाही म्हणायची. घर रोज आदल्या दिवसापेक्षा जास्त लांबायचं. सातव्या नकारानंतर चूल इतकी दूर गेली, की दारापर्यंत आणेस्तोवर भाकरीला बुरशी धरायची.

मग त्या पांढऱ्या भागात प्रदर्शन बघणारी माणसं हिंडू लागली. नाकाला अत्तराचे रुमाल, हातात कागदी बशा. ढोकळा खायची आणि तेलकट बोटं गोधडीला पुसायची. एकाने किष्णीच्या चोळीचा काठ चाटून पाहिला. "अस्सल आहे," तो म्हणाला. चुलीखाली पाटी उगवली होती: 'चूल. माती, राख.' तिच्या स्वतःच्या पाटाखाली दुसरी: 'नकार. यसूबाई. हातकाम.'

शेजारची तानूमावशी आली. तिने आपली गोधडी कधीच देऊन टाकली होती. तिच्या गळ्याखाली पाटी होती: 'तानूबाई. सुती. हात लावू नये.'

"काढ की गं ती," यसूबाई म्हणाली.

"निघत नाही. कातडं येतं संगं." मावशीने पाटीची कड उचलून दाखवली. आतलं मांस पांढरं, पाण्यात राहिलेल्या पावासारखं. "पण शाल दिली हो त्यांनी. नारळ बी दिला."

"फोडलास?"

"फोडला. आत त्यांचंच पाणी."

दोघीही हसल्या नाहीत.

दुपारी साहेब आले. "यसूबाई, तुमचा नकार लोकांना फार आवडला. सगळ्यात जास्त गर्दी त्यालाच. आता तेवढा कोपरा शिवा, म्हणजे झालं."

"तिचं पोट भरलं नाही."

"एवढंच ना? भरू की!" साहेबांनी खिशातून पेढा काढला आणि कोपऱ्यात सारला. गोधडीने तो थुंकला नाही. पेढ्यामागून बोटं घेतली, मग मनगट, मग कोपर. साहेब वळून लोकांकडे बघत हसले. "आपली परंपरा," ते म्हणाले, "आपल्याला उराशी धरते." लोकांनी तेलकट हातांनी टाळ्या वाजवल्या. खांदा आत गेला. कॉलर गेली. बोलणं थांबलं नाही, फक्त कापसातून आल्यासारखं येऊ लागलं.

"टाका घाला, यसूबाई."

"घालते, साहेब."

बाहेर एक चकचकीत बूट तेवढा उरला. मग तोही नाही. गोधडीने ढेकर दिली, किष्णी जेवून उठल्यावर द्यायची तशीच, बारीक, लाजल्यासारखी. सगळी माणसं बशा धरून पुढे सरकली आणि वाट बघत उभी राहिली.

यसूबाईने दोरा जिभेवर ओला केला. तोंड कडूजहर झालं. तिने सुई उजेडाकडे धरली. दोरा पहिल्याच खेपेला ओवला गेला.