आठजणी

मुलींसाठी मी रविवारी प्रोग्रॅमिंगचा फुकट वर्ग घ्यायचे. तिथल्या एका मुलीला सगळ्या शंकासुर म्हणायच्या. अकराजणींनी सुरुवात केली, शेवटी ती एकटी उरली, आणि अकराजणींच्या शंका एकटीच विचारायची. मला नोकरीला लागून तीनच वर्षं झाली होती, शिकवण्याचा अनुभव शून्य. तरी तिला आमच्याच कंपनीत इंटर्नशिप मिळाली, तेव्हा मी माझीच पाठ थोपटून घेतली.

गाडी अडली ती तिच्या बाबांपाशी. फोनवर त्यांनी पगार विचारला नाही, वेळ विचारली नाही. तुमच्या ऑफिसात बायका किती, एवढंच विचारलं. खरं उत्तर एक होतं: मी. ते दिलं असतं तर पोरगी घरी बसली असती.

"आठ," मी म्हणाले.

आकडा हवेतून काढला नव्हता. आमच्या सिस्टिममध्ये आठ बायकांची खाती होती. त्यातल्या सातजणी नोकरी सोडून गेल्या होत्या. त्यांची खाती बंद करायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

सोमवारी ती आली. लांबलचक खोली, चाळीस खुर्च्या, सगळ्या पाठी पुरुषांच्या. आमच्या मजल्यावरच्या बायकांच्या बाथरूममध्ये जुने मॉनिटर रचलेले आहेत, म्हणून दोन मजले खाली जावं लागतं. तेही तिला दाखवलं. जिना उतरताना ती गप्प होती. शंकासुर गप्प म्हणजे काही खरं नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडताच तिने विचारलं, "ताई, बाकीच्या सातजणी कधी येतात?"

मी स्क्रीनवर खात्यांची यादी उघडली आणि एकेकीचं सांगितलं. एक बाळंतपणानंतर परतली नाही. दोघी नवऱ्यांच्या बदलीबरोबर गेल्या. एकजण दीड वर्ष माझ्या शेजारी बसायची. एके दिवशी तिने खुर्ची नीट आत सरकवली आणि गेली. का, ते मी विचारलंच नाही. उरलेल्या तिघींना मी कधी पाहिलेलंही नव्हतं.

"म्हणजे तुम्ही रोज एकट्याच जेवता?"

तीन वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी डब्याचं झाकण काढत-लावत राहिले. मग म्हणाले की तुला जायचं तर जा, बाबांना खरं काय ते मी सांगेन.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. बाबाच होते. ती हो, हो, जेवतेय म्हणत होती. मग त्यांनी तो प्रश्न विचारला असावा, कारण ती स्क्रीनकडे बघू लागली. यादीत सगळ्यात खाली, सकाळीच उघडलेलं, तिचं खातं होतं.

"नऊ, बाबा," ती म्हणाली. "मला धरून."

फोन ठेवून तिने डबा उघडला. आम्ही समोरासमोर बसून जेवलो. जेवण संपेपर्यंत तिने एकही शंका विचारली नाही.