तीन सूत

आमच्या पोराला 'नको' म्हणता येत नाही. दारावर आलेल्याने तीन झाडू गळ्यात मारले, तर हा घेतो आणि वर त्यालाच पाणी विचारतो. मी त्याला होयबा म्हणते. त्यालाही 'ओ' देतो.

त्या दिवशी दुपारी सूनबाई आणि चार दिवसांची नात दवाखान्यातून घरी यायच्या होत्या. त्याआधी गाडीचं तेल बदलून घेऊ म्हणून हा सकाळीच सर्व्हिस सेंटरला निघाला. मीही निघाले. एकटा सोडला तर गाडी तिथेच देऊन येईल.

तासाभराने गळ्यात पट्टा अडकवलेला साहेब कागद घेऊन आला. "इंजिन आतून साफ करावं लागेल, एसीचा फिल्टर बदलावा लागेल, आणि ब्रेकचे पॅड तर संपलेच आहेत. गाडी उद्या संध्याकाळी मिळेल."

"हो," आमचे चिरंजीव.

"हो काय? दुपारी बाळाला डोक्यावर बसवून आणणार आहेस?"

साहेब माझ्याकडे वळला. "आई, बाळासाठीच सांगतोय. ऐन वेळी ब्रेक लागला नाही तर?"

पोराचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने सहीला पेन उचललं. तिथे माझं डोकं फिरलं. विकायचंय ते विक, पण माझ्या नातीची भीती घालून?

"दाखव ते पॅड."

"कस्टमरला आत सोडत नाहीत, आई."

"मग पॅडला बाहेर सोडतात का बघ. आणि मला आई म्हणू नकोस, मला एकच पुरे झालाय."

मेकॅनिक पॅड घेऊन आला. हात काळे, चेहरा सरळ. सही येते एवढीच माझी शाळा. पण चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवलेत. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत, तो मला बोटाला कळतो. तरी मी पर्समधून टेप काढली.

"नवा असताना केवढा असतो रे?"

"चार सूत, मावशी."

"आणि बदलायचा कधी?"

मेकॅनिकने एकदा साहेबाकडे पाहिलं. "एक सूत उरलं की."

मी टेप लावली आणि पोराच्या नाकासमोर धरली. "वाच. तू शिकलेला आहेस."

"तीन," तो म्हणाला. मग परत वाकून बघितलं. "तीन सूत आहे की!"

"सर, कंपनीची शिफारस असते," साहेब म्हणाला.

पोराने पेन टेबलावर ठेवलं. कान लाल झाले होते. "नको. यातलं काहीच नको. तेल बदललंय ना? चाक लावा. माझी मुलगी वाट बघतेय."

गाडीत बसल्यावर त्याने पट्टा लावला, गाडी रस्त्याला काढली. मग हळूच म्हणाला, "आई, मी फार मूर्ख आहे का गं?"

"मूर्ख नाहीस, गोड आहेस," मी म्हटलं. "पण लेकीला आधी 'नको' म्हणायला शिकव. 'बाबा' काय, मागाहून म्हणेल."