सहा किलो

निकिताच्या काळजाला भोक होतं, आणि ते बुजवायला सहा किलोचं लेकरू लागत होतं. परभणीत असलं ऑपरेशन होत नाही. संभाजीनगरच्या मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर तिच्या आईला, सुकेशनीला म्हणाले होते, "सहा किलो भरू द्या, मग आणा. एवढ्याशा जिवाला ऑपरेशन झेपायचं नाही." आता बघा, भोक आहे म्हणून वजन भरत नाही, अन् वजन भरत नाही म्हणून भोक बुजवत नाहीत! हा कुठला न्याय? पण डॉक्टरपुढं बोलायची सुकेशनीची काय बिशाद.

निकिता अकरा महिन्यांची. चार घोट दूध प्यायली की धाप लागायची, कपाळ घामानं डबडबायचं. सुकेशनी दिवसभर वाटी-चमचा घेऊन तिच्या मागं. दर सोमवारी अंगणवाडीच्या शिवकन्याताई तिला वजनकाट्याच्या झोळीत घालायच्या. पाच किलो दोनशे. पुढच्या सोमवारीही पाच दोनशे. तीन महिने काटा जागचा हलेना.

अन् मग एका सोमवारी पाच आठशे भरलं. त्याच्या पुढच्या सोमवारी सहा शंभर! शिवकन्याताईंनी दोनदा झोळी उतरवून पुन्हा टांगली. काटा खराच होता.

"म्या म्हणलं न्हवतं का, लेकरू अंग धरंल म्हणून!" सासू सुलाबाईंनी गल्लीभर साखर वाटली. "गाल बघा कसे भरले. नजर नका लावू गं बायांनो!"

सुकेशनीच्या मनात एकदाच आलं होतं, दूध तर पहिल्यापेक्षा कमीच पितीय, मग वजन आलं कुठून? तिनं स्वतःलाच दटावलं. चांगलं झालं तरी खोट काढायची खोड! दुसऱ्या दिवशी ती नवऱ्यासोबत, नागेशसोबत, देवगाव फाट्यावरून संभाजीनगरला जाणाऱ्या सकाळच्या गाडीत बसली.

डॉक्टरांनी काटा बघितलाच नाही. निकिताच्या पावलावर अंगठा दाबला अन् उचलला. खड्डा तसाच राहिला.

"ताई, हे वजन नाही. पाणी आहे. काळीज थकलंय, म्हणून अंगात साचलंय."

सुकेशनीला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. सूज होती ती, अन् आपण साखर वाटली!

निकिताला भरती केलं. पाणी उतरायचं औषध सुरू झालं. रोज सकाळी सिस्टर वजन करायची अन् खूश होऊन सांगायची, "आज दोनशे ग्रॅम उतरलं, आई!" जिनं एकेका ग्रॅमासाठी जीव काढला, तिनं आता वजन उतरलं म्हणून हसायचं. सुकेशनी हसायची पण. न हसून सांगते कुणाला?

सातव्या दिवशी चार किलो आठशे भरलं. पाणी सगळं गेलं होतं. उरली ती खरी निकिता.

डॉक्टरांनी दोघांना बसवून घेतलं. "त्या भोकामुळं फुप्फुसातला दाब लय वाढलाय. आता ऑपरेशन केलं तर ती त्यातून उठणार नाही. औषधं देतो, घरी न्या."

नागेश खाली मान घालून बसला. त्याला कळलं होतं.

"पाजीन मी, डॉक्टर, जीव तोडून पाजीन," सुकेशनी म्हणाली. "खरं सहा किलो भरलं की आणते. किती दिवसांनी आणू?"

"नका आणू, ताई," डॉक्टर म्हणाले.