पंचफुलाच्या रक्तातला मी

मी सीआरपी बोलतोय. नाव औषधासारखं वाटतं, पण मी आहे रक्तातलं एक प्रथिन. माझं माहेर यकृत. शरीरात जंतू शिरले की यकृत आम्हाला घाईघाईने घडवतं आणि रक्तात सोडतं. जंतूंना चिकटायचं, बाकीच्यांना हाक द्यायची, एवढंच माझं काम.

यवतमाळ जिल्ह्यात बोरी अरब गावाजवळ राहणाऱ्या पंचफुलाबाईच्या रक्तात मी जन्मलो. त्या हंगामात कपाशी फवारता फवारता गावोगावची माणसं विषबाधेने भरती होत होती. पंचफुला फवारणाऱ्यांना पाणी आणून द्यायची. एका दुपारी पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीच्या झाडाचं, जुनं धसकट तिच्या टाचेत घुसलं. तिने हळद दाबली आणि पुन्हा घागर उचलली.

तिसऱ्या दिवशी हुडहुडी, उलट्या, असंबद्ध बडबड. तिचा नवरा पंजाबराव म्हणाला, "फवारणी बाधली हिले." गावच्या डॉक्टरांनीही मान डोलावली आणि विषबाधेचं औषध सुरू केलं. त्यांना तरी दोष कसा देऊ? त्या आठवड्यात दारात येणारा जो तो फवारणीचाच होता.

लेक पायल मात्र म्हणत राहिली, "डॉक्टर, मायच्या पायाले लागलं हाये. टाच सुजली, पाहा तं खरं."

"काटाच तं हाये वं," पंचफुलाच पुटपुटली आणि तिने पाय लुगड्यात ओढून घेतला.

मी आत ओरडत होतो. पण मला ऐकायला रक्त तपासावं लागतं, ते कोणी काढलंच नाही. आणि खोटं कशाला बोलू? मी साध्या सुजेलाही धावत येतो, म्हणून माझ्या एकट्याच्या शब्दाला वजन कमी. त्याची मला फार लाज वाटते.

त्या औषधाने उतार पडेना, म्हणून यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात नेलं, तेव्हा कुठे रक्त काढलं. माझा आकडा पाहून तिथल्या डॉक्टरीणबाई ताडकन उठल्या, टाच पाहिली. जंतुदोष रक्तात भिनला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी पंचफुला गेली.

तपासणीतून उरलेलं रक्त दवाखान्याने संशोधनासाठी मागितलं, तेव्हा पंजाबराव चिडला, "गेलेल्या माणसाचं रगत कायले पाह्यजे?" पायलने सही केली. म्हणाली, "दुसऱ्याच्या मायच्या वेळी तरी कामी येईन."

तेव्हापासून मी नळीत गोठून आहे. रक्तात भिनणारा जंतुदोष वेळेत ओळखायला कोणत्या प्रथिनांची एकत्र साक्ष खरी ठरते, हे शोधणं चालू आहे. अजून ठरलेलं नाही. तोवर तापलेल्या माणसाला काय फवारलं हे विचारा, पण कुठे लागलं हेही विचारा.

त्या दिवशी मी आणि पायल एकच गोष्ट सांगत होतो. मला ऐकायला यंत्र लागतं. तिला ऐकायला काहीच लागत नव्हतं.