डब्यातलं जेवण जातं कुठे?

मित्रांनो, मी एक जुना डबा आहे. तीन पुडांचा, स्टीलचा, झाकणाला पोचा पडलेला. सकाळी भरायचं आणि दुपारी रिकामं व्हायचं, एवढंच माझं काम. पण गेल्या वर्षी मला तेही कळेनासं झालं होतं.

कारखान्यात पत्रा दाबून मला घडवलं. बसगाड्या दुरुस्त करणाऱ्या एका मेकॅनिकने मला घरी नेलं. दुपारी तो हाताचं ग्रीस फडक्याला पुसायचा आणि शेवटचं शीत संपेपर्यंत मान वर करायचा नाही. सोबतचे कामगार म्हणायचे, "तुमचा डबा घासायची गरजच नाही हो!" तेव्हा माझी छाती फुगायची. पुढे तो निवृत्त झाला आणि मी माळ्यावर गेलो. कुणीतरी माझ्यात जुने स्क्रू भरले. दोन वर्षं मी नुसता खडखडाट ऐकला.

मग त्याची लेक कॉलेजात गेली. सकाळी सातला तास, दुपारी प्रयोगशाळा, संध्याकाळी ग्रंथालयात अर्धवेळ काम. तिची आई नर्स, ती त्याआधीच ड्यूटीवर जायची. मग बाबांनीच कंबर कसली. त्यांनी मला उकळत्या पाण्याने धुतलं. खाली भात, मध्ये डाळ, वर भाजी. मी पुन्हा कामाला लागलो.

एक दिवस वर्गातली एक मुलगी म्हणाली, "बाई गं, तीन पुडं? एकटीला?" सगळ्या हसल्या. लेकही हसली. पण तिने झाकण लावलं ते लावलंच.

दुसऱ्या दिवशी माझ्यात नुसती काकडी आली. पुढच्या आठवड्यात नुसती उकडलेली अंडी. मग अंडीही बंद.

बाबा डोकं खाजवत म्हणाले, "अगं, परवापर्यंत अंडी चांगली होती. आज काय झालं त्यांना?"

"बाबा, तुम्हाला नाही कळणार."

मलाही कळत नव्हतं. शेवटी बाबा हट्टाने पूर्वीसारखा डबा भरू लागले. लेक तो कॉलेजच्या मागे कुत्र्यांपुढे ओतायची आणि मला विसळून घरी आणायची. "आज संपवलंस! शाब्बास!" म्हणून बाबा खूश व्हायचे. रिकामा तर मी झालो होतो. मग मला बरं का वाटत नव्हतं?

चार वाजले की तिला कडकडून भूक लागायची. मग बिस्किटांचा पुडा, वेफर्स, गोड सरबत. रिकामी वेष्टनं ती माझ्या खालच्या पुडात कोंबायची आणि घरी येताना वाटेतल्या कचराकुंडीत टाकायची. एकदा कॉलेजच्या व्यायामशाळेत ती काट्यावर उभी राहिली आणि रडकुंडीला आली. "जेवत नाही, तरी दोन किलो वाढलं कसं?"

परीक्षेच्या आठवड्यात प्रयोगशाळेत तिच्या हातून काचेचं भांडं सुटलं आणि ती मटकन खाली बसली. तिथे काम करणाऱ्या ताईंनी तिला सावरलं. "वजन वाढतं म्हणून जेवले नाही," ती पुटपुटली. काही खायला मिळेल म्हणून त्यांनी मला उघडलं, तर आत वेष्टनंच वेष्टनं! त्यांनी मला बाजूला ठेवलं. मग आपला डबा तिच्यापुढे सरकवून म्हणाल्या, "बारीक व्हायचंय ना? मग आधी जेव. दुपारी उपाशी राहिलीस की संध्याकाळी हाताला लागेल ते खाशील."

त्या दिवशी तिने मला न विसळताच बाबांपुढे ठेवलं.

"बाबा, मी रोज डबा कुत्र्यांना घालत होते."

बाबांनी माझ्या खालच्या पुडातलं एक वेष्टन उचललं. "माझ्या हाताला चव नाही का गं?"

"आहे हो बाबा! मला फक्त बारीक व्हायचं होतं."

"मग सांगायचं ना, बाळा. तेल कमी केलं असतं, भात कमी केला असता. मला काय डबा फक्त गच्च भरताच येतो?"

दुसऱ्या दिवसापासून भात निम्मा झाला, भाज्या दोन झाल्या, डाळ दाट झाली. चार वाजताच्या भुकेसाठी एक सफरचंद आलं. ग्रंथालयातून ती घरी चालत येऊ लागली. पाच महिन्यांत तिचे कपडे जरा सैल झाले. कधीमधी बिस्किटं अजूनही खाते. आता मी भरगच्च नसतो, तरी समाधानी असतो. हे कसं, ते मात्र मला उमगलेलं नाही.

मित्रांनो, किती खावं हे तुम्हाला डबा काय सांगणार? पण कमी हवं असेल तर कमी मागा. नको असेल तर नको म्हणा. फक्त न खाता खाल्लं म्हणू नका. डबा भरणारं माणूस दुपारी घरी ताटावर बसतं, तेव्हा मनातल्या मनात ते तुमच्यासोबतच जेवत असतं.